सोडवणे आणि तोडणे

मराठीत ‘सोडवणे’ हे मोठे सोशिक क्रियापद आहे. आपण गणित सोडवतो, दोऱ्याची गाठ सोडवतो, सावकाराकडे गहाण पडलेला दागिना सोडवतो, दोघांचे भांडण सोडवतो आणि संकटात अडकलेला माणूसही सोडवतो. गंजून बसलेला नट मिस्त्री सोडवतो तेव्हाही शब्द हाच. या साऱ्या कामांत एक अट समान आहे: ज्याला सोडवायचे त्याला इजा होता कामा नये. कात्रीने कापलेल्या गाठीला कोणी सुटलेली गाठ म्हणत नाही, आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानावरून उत्तर उतरवून घेणाऱ्या मुलाने गणित सोडवले असे कोणताही मास्तर मान्य करीत नाही.

‘काढणे’ या क्रियापदाची गोष्ट मात्र निराळी. त्याच्या शेजारी कोण येऊन बसतो यावर त्याची नियत ठरते. ‘काढून ठेवणे’ यात जपणूक आहे, ‘काढून टाकणे’ यात निकाल आहे. मुलाने नाव काढले तर घरात पेढे वाटतात. त्याच मुलाचे नाव पटावरून काढून टाकले तर त्या घरात संध्याकाळी कोणी कोणाशी बोलत नाही.

दिवाळीच्या आधीचे आठ दिवस घरोघर हाच कारभार चाललेला असतो. माळ्यावरचे खाली येते, कपाटातले बाहेर येते, आणि प्रत्येक वस्तूपाशी घरची गृहिणी क्षणभर थांबते. ठेवायचे की टाकायचे? पितळी डब्याच्या बाबतीत हा प्रश्न फार जड नसतो. पण वस्तूंपुरता तो राहत नाही. म्हातारा नोकर, न जमणारा भागीदार, वर्गातला त्रासदायक मुलगा, घरातला विक्षिप्त नातेवाईक, या सर्वांच्या बाबतीत कधी ना कधी कोणीतरी म्हणतेच, “काढून टाका, म्हणजे कटकट मिटेल.” असे काढून टाकण्याचा अधिकार माणसाला केव्हा येतो, हा माझा आजचा प्रश्न आहे. थोरांनी त्याचा विचार पुष्कळ उंचावरून केला असेल. मला त्याचे उत्तर जरा खालच्या जागी, तेलाने काळ्या झालेल्या फरशीवर, एका जुन्या मोटारीच्या उघड्या बॉनेटपाशी सापडले.

गाडी माझ्या धाकट्या मेहुण्याची. डिझेलवर चालणारी, वीस वर्षांची, टर्बो असलेली. यंत्रशास्त्र मी शिकलेलो नाही. माझी शालेय विद्या मॅट्रिकला संपली. तेव्हा टर्बो म्हणजे काय, हे मला समजले तसेच सांगतो. इंजिनात डिझेल जळते त्याला हवा लागते. जितकी हवा अधिक, तितके इंधन अधिक नीट जळणार आणि तितका जोर अधिक. लोहाराच्या भट्टीला भाता असतो तो याचसाठी. आता कल्पना करा, की या भट्टीच्या धुराड्यातून वेगाने निघणाऱ्या धुरानेच एक चक्र फिरवले आणि त्या चक्राच्या दांड्याला दुसरे चक्र जोडून त्यानेच भट्टीला वारा घातला. भाता ओढायला माणूस नको, निराळी शक्ती नको. जे वायाच जाणार होते तेच कामाला आले. इंधनाच्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा धुराबरोबर निघून जातो. त्यातले काही परत मिळवण्याची ही कल्पना आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याची; १९०५ साली त्याने तिचे पेटंट घेतले. इंजिनाच्या चारही कोठ्यांतला तप्त धूर गोळा करून या चक्रापर्यंत नेणारा जो बिडाचा फाटेफाट्यांचा नळ, त्याचे नाव एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. टर्बो त्याच्याच अंगाला नटांनी जखडलेला असतो.

तर मेहुण्याची गाडी निळा धूर ओकू लागली आणि पसरणीच्या घाटात धापा टाकू लागली. त्याने ती एका गॅरेजात दाखवली. तिथला निकाल पाच मिनिटांत लागला: टर्बो गेला. नवा घालायचा तर गाडीच्या किमतीच्या मानाने खर्च परवडायचा नाही. त्यापेक्षा टर्बो काढून टाकू, तेलाचे तोंड बुजवू, साधा नळ जोडून देऊ. गाडी चालेल. मेहुणा मला म्हणाला, “दाजी, चालेल म्हणतात, मग काय हरकत आहे?” हरकत सांगण्याइतके ज्ञान मला नव्हते. पण ‘चालेल’ या शब्दाची मला वर्गात बसून बसून भीती वाटू लागली आहे. ज्या वहीवर मी ‘चालेल’ असे मनात म्हणतो, त्या वहीतल्या मुलाचे पुढे क्वचितच चालते. म्हणून आम्ही वाईजवळच्या एका वयस्क मिस्त्रींकडे गेलो.

मिस्त्रींनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, “काढू की. पण काढून बघू, काढून टाकायचं नंतर ठरवू.” मग त्यांनी समजावले. टर्बो नुसता उडवला तर हवा कमी होणार, पंप मात्र डिझेल पहिल्याइतकेच देत राहणार. निळा धूर जाऊन काळा येईल, एवढाच फरक. शिवाय तो बिघडला असेल तर कशाने बिघडला, हे कळल्यावाचून काय उपयोग? दुखणे दुसरीकडे असेल तर ते तिथेच राहील.

पुढचे दोन दिवस, शाळेला सुट्टी असल्याने, मी त्यांच्यापाशी स्टूल टाकून बसलो. पहिल्या दिवशी त्यांनी जवळजवळ काहीच केले नाही. इंजिन पूर्ण थंड होऊ दिले. बॅटरीची तार सोडली. उष्णता अडवणारा वरचा पत्रा काढला, हवेचे रबरी नळ काढले, उघड्या तोंडांत स्वच्छ फडकी कोंबली. कारण एवढासा वायसर आत पडला तरी पुढे इंजिनाचा घात. निघालेला प्रत्येक नट एका पुठ्ठ्यावर, ज्या जागेचा त्याच क्रमाने ठेवला. मग मॅनिफोल्डच्या गंजलेल्या नटांवर गंज सोडवणारे तेल घातले आणि हात पुसून म्हणाले, “आता उद्या.”

मेहुणा त्या रात्री एस.टी.ने घरी गेला, थोडा रागावूनच.

दुसऱ्या दिवशी खरे काम. मॅनिफोल्ड इंजिनाच्या माथ्यावर स्टडांनी बसवलेले असते. चढावर टर्बोकडे जाणारा धूर सहा-सातशे अंशांपर्यंत तापतो. गाडी थांबली की सारे थंड होते. अशा हजारो तापण्या-निवण्यांत ते लोखंड फुगते, आकसते, आणि नट-स्टड एकजीव होऊन बसतात. तिथे लांब पाना लावून एकदम जोर केला तर नट सुटत नाही. स्टडच माथ्यात तुटतो. मिस्त्री आधी नट किंचित आवळत. मी चकित झालो. ते म्हणाले, “उलटा जोर दिला की गंजाची पकड हलते, मास्तर. आवळला तर सुटतो.” मग कणभर सोडायचा, पुन्हा आवळायचा, पुन्हा तेल, हातोडीचा हलका ठोका. एकाला त्यांनी गॅसच्या ज्योतीने लालबुंद केले. म्हणजे सोडवणे म्हणजे गोंजारणे नव्हे. त्यात आगही आहे, हातोडीही आहे. फक्त प्रत्येक ठोक्याआधी कान देणे आहे. आणि सोडण्याचा क्रमही ठरलेला: कडेचे नट आधी, मधले शेवटी, तेही थोडे थोडे. एकीकडचे सगळे एकदम सोडले तर सारा ताण दुसरीकडे जातो आणि बिडाचा तो नळ वाकतो.

आठांपैकी सात नट सुटले. आठव्याचा स्टड तुटला. इतके सारे करूनही तुटला. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर क्षणभर वाईट वाटल्याची छटा दिसली, पण शरम दिसली नाही. मला वाटते, ‘तुटणे’ आणि ‘तोडणे’ ही दोन क्रियापदे आपल्या भाषेने उगीच वेगळी ठेवलेली नाहीत. बाहेर उरलेल्या बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यावर त्यांनी नवा नट वेल्डिंगने चिकटवला, त्या उष्णतेने पकड ढिली झाली, आणि तुटलेला स्टडही शेवटी सुटलाच.

आता जे आढळले ते सांगतो. टर्बोतली दोन्ही चक्रे एकाच बारीक दांड्यावर असतात आणि भर चालीत तो दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. त्याला आधार तेलाच्या पातळ थराचा. तेल वरच्या बारीक नळीने येते आणि खालच्या रुंद नळीने आपल्या वजनाने ओघळून परत जाते. मिस्त्रींनी दांडा बोटांनी हलवून पाहिला. आडवा अगदी किंचित हलत होता. तेवढा हलायलाच हवा. पुढेमागे मुळीच हलत नव्हता. पाती शाबूत होती, कुठे घासल्याची खूण नव्हती. टर्बो निर्दोष होता! खालची नळी मात्र जळक्या तेलाच्या काळ्या कीटाने जवळजवळ बुजली होती. आलेल्या तेलाला परत जायला वाट नाही, म्हणून ते बाजूने झिरपून धुरात जळत होते. निळा धूर तो हा. आणि जोर का गेला? मॅनिफोल्ड उलटे केल्यावर त्याच्या पाठीला केसासारखी चीर दिसली, तिच्या काठाने काजळी धरलेली. चक्र फिरवायला निघालेला धूर वाटेतच फुटत होता.

म्हणजे ज्याच्यावर आरोप होता तो सुटला, आणि ज्याचे नावही कोणी घेतले नव्हते तो दोषी निघाला. मॅनिफोल्ड मिस्त्रींनी खरोखरच काढून टाकले, भंगारात घातले, आणि त्याबद्दल त्यांना यत्किंचितही दुःख झाले नाही. त्यांना तो अधिकार होता. त्यांनी ते सोडवून, हातात घेऊन, उजेडात उलटसुलट करून पाहिले होते. मला माझे उत्तर तिथे मिळाले: ज्याने आधी सोडवून पाहिले, त्यालाच काढून टाकण्याचा अधिकार.

मोटारींच्या इतिहासात याच्या उलट घडलेली एक गोष्ट आहे. १९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिलची जेटफायर नावाची गाडी आली. टर्बो लावून विकलेल्या अगदी पहिल्या मोटारींपैकी ती एक. दोन वर्षांत साडेनऊ हजारांच्या आसपास गाड्या निघाल्या. त्या इंजिनात भारी दाबामुळे इंधन अवेळी भडकू नये म्हणून शुद्ध पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण थोडे थोडे सोडले जाई. त्याची टाकी मालकाने वेळोवेळी भरायची, एवढीच निगा. टाकी रिकामी झाली तर इंजिन बिघडू नये म्हणून टर्बोचा जोर आपोआप आवरला जाई. पुष्कळ मालकांनी टाकी भरलीच नाही, आणि मग गाडीत दम नाही अशी तक्रार घेऊन ते दुकानदाराकडे गेले. त्या यंत्रातही कच्चे दुवे होते, हे खरे. पण शेवटी उपाय योजला गेला तो असा, की कित्येक गाड्यांचा टर्बो आणि त्याचा सारा सरंजाम काढून तिथे साधा कार्ब्युरेटर बसवून देण्यात आला. तक्रार मिटली. ज्या गुणासाठी ती गाडी घेतली होती तो गुणही गेला. आज टर्बो शाबूत असलेली जेटफायर ही हौशी संग्राहकांनी शोधत फिरावे अशी दुर्मिळ वस्तू झाली आहे. एका बाटलीची निगा नको म्हणून माणसांनी आपल्याच गाडीचे बळ काढून दिले, हे वाचून प्रथम मला हसू आले. मग एक मुलगा आठवला आणि हसू राहिले नाही.

हा मुलगा मी पूर्वी ज्या एका शाळेत होतो तिथला. मी तिथे रुजू होण्याच्या आधीच तो गेला होता. त्याची हकीकत मला प्रथम शाळेच्या शिपाईमामांनी सांगितली आणि पुढे त्याने स्वतः. नववीतला मुलगा. सांगितलेले ऐकत नाही, विचारले एक तर उत्तर दुसरेच देतो, मोठ्याने बोलतो, मुले हसली की मारामारी करतो. आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, असा कायदा २०१० पासून लागू आहे. नववीत तो कायद्याचा हात पाठीवरून निघतो. वडिलांना बोलावले आणि दाखला हातात दिला. दुष्टपणाने कोणीच वागले नव्हते. वर्गात साठ मुले होती आणि परीक्षा तोंडावर होती.

पुढे एका कारखान्यात कामाला लागताना त्याची वैद्यकीय तपासणी झाली. एका कानाचा पडदा लहानपणापासून फुटलेला, दुसऱ्याने निम्मेच ऐकू येते, असे निघाले. माझी त्याची गाठ पडली तेव्हा तो पंचविशीचा होता. कोणाविषयी कडू शब्द त्याने काढला नाही. एवढेच म्हणाला, “सर, मला वाटायचं, सगळ्यांना एवढंच ऐकू येतं. बाकीची पोरं हुशार असतील म्हणून त्यांना कळतं.”

या वाक्यावर मी काय बोलणार? तेल आत येत होते, परत जायची वाट बुजली होती आणि धूर मात्र सर्वांना दिसत होता. शिपाईमामांना म्हणे तेव्हाच शंका आली होती. घंटेचा टोल पडला की हा पोरगा आधी इतरांच्या तोंडाकडे बघे. पण दाखला लिहिण्यापूर्वी शिपायाला विचारण्याची पद्धत नाही.

वाचक म्हणतील, मास्तर, मोटार आणि मूल यांची बरोबरी करू नका. बरोबर आहे. पण फरक आहे तो मुलाच्या बाजूने आहे. काढून टाकलेला टर्बो निदान फळीवर पडून राहतो, कोणाला वाटले तर परत बसवता येतो. नववीचे वर्ष कोणत्या फळीवर ठेवणार?

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: सबुरी फुकट नसते. मिस्त्रींचे दोन दिवस गेले, मेहुण्याचे पैसे गेले आणि त्याला एस.टी.ची गर्दी सोसावी लागली. एका मुलापाशी थांबणाऱ्या शिक्षकाकडून उरलेल्या एकोणसाठांची तासिका बुडते, आणि त्या मुलांनाही आईबाप आहेत. कोणाला किती वेळ द्यावा याचा हिशेब अखेर मर्यादितच असतो, हे मी वर्गात उभा राहणारा माणूस नाकारू शकत नाही. म्हणून ‘कोणालाच कधी काढू नये’ असे सोवळे मत मी मांडत नाही. चीर गेलेले मॅनिफोल्ड ठेवून घेणे हा दयाळूपणा नव्हे. काही भागीदाऱ्या मोडाव्याच लागतात, काही माणसांना दाराबाहेर ठेवावेच लागते, आणि काही वेळा सारे करूनही स्टड तुटतो. माझे म्हणणे एवढेच, की ‘काढून टाका’ म्हणणाऱ्याला आपण एक प्रश्न विचारावा: सोडवून पाहिलेत का? किती नट, कोणत्या क्रमाने, आणि रात्रभर तेल मुरू दिलेत का? उत्तर ‘होय’ असेल तर त्याच्या हाताला दोष देऊ नये. उत्तर ‘पाच मिनिटांत कळले’ असे असेल, तर त्याने काढली ती वस्तू नव्हे, आपल्या डोळ्यांसमोरची कटकट.

सोडवून पाहिल्यावर जे निर्दोष निघते त्याला परत बसवावे लागते, आणि तेही एक स्वतंत्र काम आहे. मिस्त्रींनी नळी स्वच्छ केली, नवे मॅनिफोल्ड आणले, नवी पॅकिंगे घातली, नट या वेळी मधून कडेकडे आवळत नेले. मेहुण्याला वाटले, आता किल्ली फिरवायची. मिस्त्रींनी त्याचा हात धरला. कोरड्या दांड्याला एकदम लाख फेऱ्यांच्या वेगात ढकलले तर निर्दोष टर्बोही मरतो. त्यांनी वरच्या तोंडातून थोडे तेल आत घातले, चक्र बोटाने फिरवून ते मुरवले, डिझेल बंद ठेवून इंजिन नुसते काही फेरे फिरवले, आणि मग सुरू करून कितीतरी वेळ तसेच मंद चालू ठेवले.

ज्याला आपण संशयाने उतरवले आणि निर्दोष म्हणून परत घेतले, त्याच्याकडून लगेच पहिल्यासारख्या धावेची अपेक्षा करू नये. आधी तेल द्यावे, थोडे थांबावे. नरकचतुर्दशीच्या पहाटे घरातल्या लहानथोर सगळ्यांच्या अंगाला तेल लागते. त्या पहाटे एखादे माणूस बऱ्याच वर्षांनी घरी आलेले असेल, तर वाटी आधी त्याच्यापुढे सरकवावी.